समुद्री रीफ टाकीत पाण्याचा प्रवाह कसा सेट करायचा? सातारा-सांगलीकरांसाठी सोपी माहिती

रीफ टँकचे रील्स पाहून "आपल्या हॉलमध्ये पण असं काहीतरी पाहिजे राव" म्हणणारे मित्र मला सारखे भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न असतो लाईट कुठली, दुसरा मासे कुठले. टाकीत पाणी कसं फिरणार, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. माझी टाकी साताऱ्यात आहे, मित्राची सांगलीत विश्रामबागला. दोन्हींचे पंप मीच बसवलेत, त्यामुळे आज फक्त प्रवाहाबद्दल बोलूया.

खरेदीआधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. रीफ बांधणारे सगळे कठीण कोरल, सी फॅन आणि समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. म्हणजे वाघाच्या पंगतीत! दुकानदार "सगळेच ठेवतात हो" म्हणाला तरी ते घ्यायचे नाहीत. मालवणला स्नॉर्केलिंगला गेलात तर तिथला कोरलचा मेलेला तुकडासुद्धा खिशात घालायचा नाही. नवशिक्याने कृत्रिम कोरडे खडक आणि हॅचरीत वाढवलेले क्लाउनफिश यांवर टाकी सुरू करावी. क्लाउनफिशचं प्रजनन आपल्याकडे होतं, नवी मुंबईत ऐरोलीलाही तशी हॅचरी आहे. मऊ कोरल घ्यायचेच असतील तर शास्त्रीय नाव लिहिलेलं पक्कं बिल मागा आणि ते नाव कायद्याच्या यादीत नाही ना, ते आधी तपासा.

प्रवाह एवढा महत्त्वाचा का?

कोरल एका जागी चिकटलेला प्राणी आहे. त्याला खाणं आणि ऑक्सिजन पाणीच आणून देतं, घाणही पाणीच वाहून नेतं. पाणी थांबलं की त्याच्या अंगाभोवती शिळ्या पाण्याचा पातळ थर साचतो. माशांसाठीही हिशोब कडक आहे. २५ अंश तापमानाला एक लिटर गोड्या पाण्यात साधारण ८ मिलीग्रॅम ऑक्सिजन मावतो, तर समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास. पाणी तापलं की तो अजून घटतो. सांगलीचा एप्रिल-मे आठवा, म्हणजे मुद्दा कळेल.

हा ऑक्सिजन पाण्यात शिरतो तो वरच्या पृष्ठभागातून. म्हणून पंपाचं पहिलं काम पृष्ठभाग हलता ठेवणं. पाण्यावर सतत सुरकुत्या दिसल्या पाहिजेत, पण शिंतोडे उडायला नकोत. शिंतोडे उडाले की मीठ काचेवर, लाईटवर आणि शेवटी प्लगवर जाऊन बसतं. प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोल द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी बोर्डात न जाता खाली टपकेल.

किती लिटरचा पंप घ्यायचा?

३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी धरू. काचेच्या मापाने ती १८० लिटरची, पण खडक, वाळू आणि वरची रिकामी जागा सोडली तर खरं पाणी १५० लिटर. मासे आणि मऊ कोरल यांच्यासाठी तासाला टाकीच्या १५ ते २० पट पाणी फिरलं तर छान. म्हणजे २,२५० ते ३,००० लिटर. हे काम वेव्हमेकरचं. त्यासाठी एक मोठा घेण्यापेक्षा दीड-दीड हजाराचे दोन घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. एक बंद पडला तरी दुसरा चालू राहतो, आणि दोन बाजूंनी आलेले झोत मधे भिडून पाणी समुद्रासारखं इकडून तिकडे हलतं. एकाच दिशेचा सरळ झोत कोरलवर सोडला तर त्याचं मऊ अंग सोलून निघू शकतं. झोत समोरच्या काचेकडे किंवा एकमेकांकडे, थोडा वर रोखून ठेवा.

खाली संप असेल तर तिथून पाणी वर आणणारा रिटर्न पंप वेगळा. त्याला तासाला ३ ते ५ पट पुरे. पण बॉक्सवरचा आकडा उंची शून्य धरून लिहिलेला असतो. बॉक्सवर कमाल उंची दीड मीटर लिहिली असेल तर दीड मीटरवर प्रवाह शून्य! सव्वा मीटर चढवायचं असेल तर अशा पंपातून जेमतेम धार येते. खरा आकडा काढायचा तर १० लिटरची बादली पाईपखाली धरा आणि फोनचं स्टॉपवॉच लावा. ६० सेकंदांत भरली तर तासाला ६०० लिटर.

फोनचा अजून एक उपयोग. माशांच्या खाद्याची चिमूटभर पूड पाण्यात सोडा आणि स्लो-मोशन व्हिडिओ काढा. कण कुठे गोल फिरत राहतात, कुठे खाली बसतात ते लगेच दिसतं. खडकामागे कण साचत असतील तर तिथेच पुढे घाण सडणार. पंप दोन बोटं वळवा, पुन्हा व्हिडिओ काढा. वाळू उडून खड्डा पडत असेल तर झोत वर घ्या. अ‍ॅपवर चालणारा वेव्हमेकर घेणार असाल तर बरेचसे मॉडेल फक्त २.४ गीगाहर्ट्झ वाय-फायवर जोडले जातात, तेही बघून घ्या.

लाईट गेली तर?

आपल्याकडे वळवाच्या पावसात लाईट जाणं नवीन नाही. सगळ्यात जास्त धोका याच वेळी असतो.

पहिला धोका जमिनीवर दिसतो. रिटर्न पंप थांबला की वरचं पाणी त्याच पाईपातून उलटं संपमध्ये उतरतं. आपल्या टाकीत १ सेंटीमीटर पाणी म्हणजे ४ लिटर. पाईपाचं तोंड ५ सेंटीमीटर खोल असेल तर २० लिटर खाली येणार, आणि संपमध्ये जागा नसेल तर ते फरशीवर. तोंड पृष्ठभागापासून २ सेंटीमीटरच खाली ठेवा. मीठ घालण्याआधी साध्या पाण्यावर सगळं चालू करा, मग मुद्दाम स्विच बंद करून बघा.

दुसरा धोका दिसत नाही. तापलेल्या, थांबलेल्या पाण्यात रात्री मासे गुदमरायला काही तास पुरतात. इन्व्हर्टर असेल तर एक वेव्हमेकर त्यावर टाका, छोटा डीसी वेव्हमेकर ५ ते १० वॅटच खातो. नसेल तर यूएसबी एअर पंप घ्या. तो साधारण १ वॅटचा असतो, १०,००० एमएएचच्या पॉवर बँकवर रात्र सहज निघते. मात्र काही पॉवर बँक एवढा कमी करंट पाहून 'फोन चार्ज झाला' असं समजतात आणि आपोआप बंद होतात. विकत घेतल्यावर तासभर चालवून खात्री करा.

आणि दर दोन-तीन महिन्यांनी वेव्हमेकर काढून पाणी आणि पांढरं व्हिनेगर यांच्या मिश्रणात तासभर बुडवून ठेवा, मग जुन्या टूथब्रशने पंखा घासा. त्यावर चुन्याचा थर बसला की प्रवाह हळूहळू कमी होतो, पंपाचा आवाज मात्र तसाच राहतो. घासून परत लावल्यावर पुडीची स्लो-मोशन चाचणी एकदा करून घ्या.