गिरणीतला चहा

गिरणीतली चहाची सुट्टी ही कामगारांनी भांडून मिळविलेली सवलत, असे आम्हीही पुष्कळ वर्षे समजत होतो. संपाच्या कित्येक बैठका तर आम्ही नुसत्या चहावर निभावल्या! पण जुना इतिहास वाचू लागलो, तेव्हा निराळेच निघाले.

१९०३ साली सरकारने चहापट्टीचा कायदा केला. निर्यातीच्या चहावर पट्टी बसवायची आणि त्या पैशातून चहाचा प्रचार करायचा. मागणी खुद्द मळेवाल्यांचीच. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांची नजर इथल्या गिऱ्हाइकावर गेली. कारखाने, कोळशाच्या खाणी, कापडगिरण्या यांच्यात चहाची दुकाने निघाली. चहाने शीण जातो, काम जास्त होते, हे मालकांच्या गळी उतरविण्यात आले. कामगाराला तहान आहे की नाही, हे कोणी विचारले नाही.

आणि ही पाने खुडणारे कोण? दूरदूरच्या मुलखांतून आणलेले गोरगरीब. १९२१ च्या मे महिन्यात त्या वेळच्या आसाम प्रांतातील चरगोला खोऱ्यात तुटपुंज्या मजुरीला विटून हजारो मजुरांनी मळे सोडले आणि गावची वाट धरली. पूर्व बंगालातील चांदपूरहून आगबोटीने पुढे जायचे, तर तिथेच त्यांना अडविण्यात आले. रात्री रेल्वे स्टेशनात निजलेल्या बायामुलांवर गुरखा शिपाई सोडले. त्या अनोळखी मजुरांसाठी आसाम-बंगाल रेल्वेच्या आणि आगबोटींच्या कामगारांनी संप पुकारला.