माशांतील पारा

दगडी कोळशाच्या ज्वलनातून व धातू गाळण्याच्या भट्ट्यांतून हवेत जाणारा पारा अखेरीस जलाशयांत उतरतो आणि माशांच्या स्नायूंत साठतो. असे मासे वरचेवर खाणाऱ्यांच्या, विशेषतः गर्भवती स्त्रियांच्या, दृष्टीने ही गोष्ट घातक ठरते.

जपानमध्ये मिनामाता येथे १९५६ साली नोंदल्या गेलेल्या विषबाधेचे मूळ कारखान्याच्या सांडपाण्यात सापडले. स्वीडनमध्ये १९६७ साली काही जलाशयांतील माशांच्या विक्रीवर बंदी घालावी लागली. तेथील यन्सेन व यर्नेलव्ह या शास्त्रज्ञांनी तळातील गाळात सूक्ष्मजीवांमुळे अकार्बनी पाऱ्यापासून अधिक विषारी मेथिल पारा तयार होतो, असे १९६९ मध्ये दाखविले. पुढे स्वीडन व उत्तर अमेरिकेतील ज्या अरण्यसरोवरांकाठी एकही कारखाना नव्हता, त्यांतील मोठ्या माशांतही अनुज्ञेय मर्यादेपेक्षा अधिक पारा आढळला. त्यामुळे हवेतून होणाऱ्या प्रदूषणाकडे लक्ष वेधले गेले.

पाऱ्याची वाफ हवेत काही महिने टिकते व देशांच्या सीमा ओलांडून दूरवर जाते. तिचे ऑक्सिडीभवन झाल्यावर तो पारा पावसाबरोबर किंवा धुळीबरोबर खाली येतो. प्लवकांपासून लहान माशांत व त्यांच्यापासून मोठ्या भक्षक माशांत जाताना मेथिल पाऱ्याचे प्रमाण वाढत जाते. ते पाण्यातील प्रमाणाच्या दहा लाख पटींहूनही अधिक होऊ शकते. तो प्रथिनांशी बद्ध असल्याने मासा शिजवून वा त्याची चरबी काढून टाकून नाहीसा होत नाही. तो वार ओलांडून गर्भाच्या मेंदूपर्यंत पोहोचतो.

अमेरिकेत २००१ साली गर्भवती स्त्रियांना शार्क, तलवार मासा इ. मोठे मासे टाळण्याचा सल्ला देण्यात आला. असा सल्ला उपयुक्त असला, तरी त्यामुळे निवारणाचा भार प्रदूषकाऐवजी ग्राहकावर पडतो. मासे हेच ज्यांचे मुख्य अन्न आहे, त्यांना तो पाळणे कठीण असते. मूळ उपाय धुराड्यापाशीच करावा लागतो. कॅनडातील एका सरोवरात २००१ पासून सात वर्षे पाऱ्याचे ओळखता येण्याजोगे समस्थानिक सोडण्यात आले. ते थांबविल्यावर माशांतील त्या पाऱ्याचे प्रमाण काही वर्षांतच लक्षणीय घटले. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पाऱ्याचे उत्सर्जन रोखण्यासाठी २०१३ मध्ये स्वीकारलेला मिनामाता करार २०१७ पासून अंमलात आला; भारताने त्यास २०१८ मध्ये अनुसमर्थन दिले.