परळचे उपचार, दादरचा मुक्काम

परळचं टाटा कर्करोग रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. बाहेरगावच्या रुग्णांपुढे प्रश्न उभा राहिला: राहायचं कुठे? किरणोपचार एका दिवसाचं काम नव्हे. आठवड्यातले पाच दिवस, बहुतेकदा पाच-सहा आठवडे. औषधांइतकाच हा मुक्काम जड जातो. कित्येकांनी पदपथावरच संसार मांडला.

गाडगेबाबांना ही अडचण उमगली होती. पंढरपूर, नाशिक, आळंदीला यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारणाऱ्या बाबांनी १९५४ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयातल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधली. यात्रेकरूचा निवारा रुग्णाच्या घरच्यांना मिळाला, ही महाराष्ट्राच्या भक्तिपरंपरेतली फार मोठी झेप. बाबा १९५६ मध्ये गेले. पुढे त्यांच्या नावाच्या मिशनची दादरची धर्मशाळा कर्करुग्णांचं घर झाली.

अशा मुक्कामात संसार दोन-चार भांड्यांचा असतो. घशाला किरण दिले की तोंड सोलवटतं, तिखट सोसत नाही. मग मऊ भात, पातळ वरण, आणि वेगळी चूल परवडत नाही म्हणून सोबतचेही तेच जेवतात. गळ्यावर किरण घ्यायचे तर तुळशीची माळ उतरवावी लागते. वारकऱ्याला ते सोपं नसतं. माळ उशाशी ठेवून हरिपाठ मात्र चालू राहतो.

नवसाचा बकरा आणि कर्ज काढून केलेला सण यांविरुद्ध बाबा कीर्तनातून कळवळून बोलत. खरा धर्म त्यांना सेवेत दिसे: त्यांच्या दहा कलमी संदेशात, दशसूत्रीत, रोग्यांना औषधोपचार हे धर्माचंच एक कलम आहे.