एका बसची मागणी आणि 'परवडत नाही' म्हणणारी व्यवस्था

मागे एका वस्तीत शाळा समायोजनाच्या बैठकीला बसले होते. पटसंख्या कमी म्हणून वस्तीवरची शाळा बंद करायची आणि मुलांना दूरच्या शाळेत पाठवायचं, असा प्रस्ताव होता. गाडीचं काय, असं पालकांनी विचारलं. आलेले साहेब म्हणाले, "गाडी परवडत नाही, तुम्हीच काही स्वस्त पर्याय सुचवा." मागे बसलेली एक आजी लगेच बोलली, "साहेब, पोरीच्या पायाला काय पैसं पडत न्हाईत व्हय?"

आजीच्या या प्रश्नात शाळेच्या प्रवासाचं सगळं राजकारण आहे. शाळा आणि घर यांच्यातलं अंतर कधीच फुकट नसतं. त्याचा खर्च शासन उचलतं, नाहीतर बाप मजुरी बुडवून उचलतो, नाहीतर लेकरू पायांनी उचलतं. म्हणून "स्वस्त पर्याय" हा शब्द कानावर आला की आपण आधी विचारलं पाहिजे, की स्वस्त कोणासाठी? हा प्रश्न अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पालकांनी पंचाहत्तर वर्षांपूर्वी विचारला होता. त्याचा इतिहास आपल्या तरुणांना माहीत असायला हवा.

अमेरिकेत शाळा चालवण्याचं काम 'स्कूल डिस्ट्रिक्ट' नावाची स्थानिक संस्था करते. तिचं मंडळ असतं, तिचा कर असतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या खेड्यापाड्यांत सुमारे दोन लाख एकशिक्षकी शाळा होत्या. पुढे त्या बंद करून मोठ्या शाळांत विलीन करण्याची लाट आली. शाळा लांब गेली, म्हणून गाड्या आल्या. सुरुवातीला मुलं घोडागाडीतून, ट्रकमधून, मिळेल त्या वाहनातून जात. 1939 साली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये प्राध्यापक फ्रँक सायर यांनी देशभरातल्या अधिकाऱ्यांची परिषद भरवली. स्कूलबसचा आकार, सुरक्षितता आणि तो प्रसिद्ध पिवळा रंग तिथे ठरला. म्हणजे शाळा विलीन करणार असाल तर प्रवासाची जबाबदारीही घ्यावी लागेल, हे तिथल्या व्यवस्थेने मान्य केलं होतं. पण ते गोऱ्या मुलांपुरतं.

साऊथ कॅरोलायना राज्यातल्या क्लॅरेंडन काउंटीत 1947 साली गोऱ्या मुलांसाठी तीस बसगाड्या होत्या. कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही नव्हती, आणि शाळेत जाणाऱ्यांत बहुसंख्य तर तेच होते. काही मुलांना शाळेसाठी नऊ मैल, म्हणजे चौदा किलोमीटर, जावं लागे. तेवढंच परत यावं लागे. शेजारून गोऱ्या मुलांची बस धूळ उडवत जाई.

पालकांनी काय केलं? आज आपल्याला सांगतात तेच, 'लोकसहभाग'. पैसे गोळा करून त्यांनी एक जुनी बस विकत घेतली. ती सारखी बंद पडायची. दुरुस्ती आणि इंधनाचा खर्च शेतमजुरांच्या खिशाला झेपेना. मग त्यांनी मंडळाकडे मदत मागितली. बस आमची, निदान इंधन तरी द्या. मंडळाचे अध्यक्ष आर. डब्ल्यू. एलियट यांनी नकार दिला. कारण काय, तर कृष्णवर्णीय लोक कर फारसा भरत नाहीत, त्यांच्यासाठी गोऱ्यांच्या कराचा पैसा कसा खर्चायचा! आरक्षणाच्या विरोधात "आमच्या टॅक्सचे पैसे" म्हणणाऱ्यांची भाषा आठवा.

तिथे जे. ए. डीलेन नावाचे पाद्री आणि शिक्षक होते. त्यांनी लेव्हाय पिअर्सन या शेतकऱ्याला उभं केलं. 1947 च्या जुलैमध्ये पिअर्सननी आपल्या मुलांसाठी बसची लेखी मागणी केली. उत्तर आलं नाही. 1948 मध्ये ते कोर्टात गेले. त्यांचे वकील होते हॅरोल्ड बूलवेअर आणि थर्गुड मार्शल. मार्शल यांचं नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

हा खटला कोर्टात उभाच राहू दिला गेला नाही. पिअर्सनची जमीन दोन स्कूल डिस्ट्रिक्टच्या हद्दीवर होती. कर एका डिस्ट्रिक्टमध्ये भरला जात होता आणि मुलं दुसऱ्यात शिकत होती. एवढ्यावरून खटला निकाली काढला. बदला मात्र पूर्ण घेतला गेला. गोऱ्या दुकानदारांनी आणि बँकेने पिअर्सनची उधारी बंद केली, पीक काढायला यंत्र भाड्याने मिळेना. मित्रांनो, याला आपल्याकडे काय म्हणतात हे सांगायला नको. आपल्या गावांत हक्क मागणाऱ्यांचं किराणा, दळण आणि पाणी असंच बंद झालेलं आहे.

पण लोक मागे हटले नाहीत. 1949 मध्ये मागणी बसपुरती राहिली नाही. इमारत, शिक्षक, साहित्य, सगळ्यात समानता हवी, अशा अर्जावर पालकांनी सह्या केल्या. अर्जावरचं पहिलं नाव हॅरी ब्रिग्ज यांचं, म्हणून खटला 'ब्रिग्ज विरुद्ध एलियट' झाला. ब्रिग्ज यांची पेट्रोल पंपावरची नोकरी गेली. त्यांची पत्नी मोटेलमध्ये काम करत होती, तिचंही काम गेलं. 1951 मध्ये डीलेन यांचं घर जळालं. अग्निशमन दल समोर उभं होतं, पण घर हद्दीबाहेर आहे म्हणून त्यांनी पाणी मारलं नाही. न्यायमूर्ती वेटीज वेअरिंग यांनी मार्शलना सुचवलं की वेगळ्या शाळांत समानता मागू नका, वेगळेपणालाच आव्हान द्या. 1951 मध्ये खटला दोन विरुद्ध एक मताने हरला. वेअरिंग यांनी विरोधी मत नोंदवलं, वेगळं ठेवणं हीच विषमता आहे. हा खटला इतर चार खटल्यांबरोबर सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 17 मे 1954 रोजी 'ब्राऊन' निकाल लागला. शाळांतला वंशभेद घटनाबाह्य ठरला. एका बसच्या इंधनापासून सुरू झालेली मागणी इथपर्यंत पोचली.

आता यातली एक गोष्ट नीट पाहा. खटला कोर्टात असतानाच, 1951 मध्ये, साऊथ कॅरोलायनाच्या सरकारने विक्रीकर लावला, कृष्णवर्णीयांसाठी नव्या शाळा बांधायला घेतल्या आणि स्कूलबसची व्यवस्था राज्याकडे घेतली. हेतू एकच होता. वेगळ्या शाळा थोड्या बऱ्या केल्या तर वेगळेपण वाचेल. म्हणजे चार वर्षांपूर्वी इंधनाला जो पैसा 'नव्हता', तो वर्चस्व धोक्यात येताच निघाला. 'परवडत नाही' हे तिजोरीबद्दलचं विधान नसतं, आपल्या किमतीबद्दलचं असतं.

पुढे 1971 च्या 'स्वान' निकालात मिश्र शाळांसाठी बसचा वापर न्यायालयाने मान्य केला, तेव्हा गोऱ्या पालकांना अचानक बसचा त्रास, खर्च आणि अंतर दिसू लागलं. त्याच निकालात नोंद आहे की 1969-70 मध्ये देशातली 1 कोटी 80 लाख मुलं, म्हणजे 39 टक्के, बसनेच शाळेत जात होती. तोवर कोणाची तक्रार नव्हती. 1974 मध्ये बोस्टनसारख्या 'पुढारलेल्या' शहरात कृष्णवर्णीय मुलांच्या बसवर दगड पडले.

आणि आता मार्शल पुन्हा येतात. नॉर्थ डकोटातल्या डिकिन्सन गावात स्कूलबससाठी वर्षाला 97 डॉलर शुल्क लावलं होतं. दारिद्र्यरेषेच्या आसपासचं एक कुटुंब शाळेपासून सोळा मैलांवर राहत होतं. त्यांनी शुल्काचा करार नाकारला आणि मुलीला स्वतः गाडीने सोडलं, त्यात वर्षाचे हजार डॉलरहून अधिक गेले. 1988 मध्ये 'कॅड्रमास' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी शुल्क वैध ठरवलं. एव्हाना थर्गुड मार्शल स्वतः त्या न्यायालयात न्यायमूर्ती होते. त्यांनी विरोधी मत लिहिलं. गरिबाच्या लेकराची शाळेची वाट पैशावर अडवणं त्यांना मान्य नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी ज्या बससाठी ते वकील म्हणून उभे राहिले, तिच्याच बाजूने ते उभे राहिले.

मग स्वस्त पर्याय नसतातच का? असतात, पण त्यांना आजीचा प्रश्न विचारावा लागतो. एक पर्याय म्हणजे शाळांच्या वेळा मागेपुढे करून एकाच बसला दोन-तीन फेऱ्या करायला लावणं. 2017 मध्ये बोस्टनने संगणकाच्या मदतीने असं वेळापत्रक आखलं. कागदावर पैसे वाचत होते, पण अनेक लहान मुलांची शाळा पहाटेच भरणार होती आणि लवकर सुटणार होती. पालक रस्त्यावर आले आणि योजना मागे घ्यावी लागली. संगणकाने बसचा खर्च मोजला होता, कामावर जाणाऱ्या आईचा मोजला नव्हता. याउलट बिहारचं उदाहरण घ्या. 2006 पासून तिथे नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे दिले गेले. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांच्या अभ्यासात माध्यमिक शाळेतल्या मुलींचा प्रवेश सुमारे एक तृतीयांशाने वाढलेला दिसला, आणि जिथे शाळा तीन किलोमीटरहून लांब होती तिथे परिणाम जास्त होता. हा पर्याय स्वस्तही आहे आणि न्याय्यही, कारण त्यात खर्च मुलीवर ढकललेला नाही.

महाराष्ट्रातही आधार आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. मुलींना एसटीचा मोफत पास आहे. मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत मुलींसाठी बस आहेत. पण पास हातात असून फाट्यावर एसटी थांबत नसेल, तर तो पास नुसता कागद आहे.

बाबासाहेबांना हे अंतर लहानपणीच कळलं होतं. 1901 साली मसूर स्टेशनवर उतरलेल्या त्या लेकरांची जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं घेऊन एक तयार झाला, तेही गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. वडिलांना भेटायला निघालेल्या मुलांनी जातीची किंमत भाड्यात मोजली. त्याच बाबासाहेबांनी 1946 मध्ये अमेरिकेतल्या डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या लढ्याची विचारपूस केली होती. क्लॅरेंडनचा इतिहास म्हणून आपल्याला परका नाही.

त्यातून आपण तीन गोष्टी घ्यायच्या. पहिली, अंतर मोजा. वस्तीतल्या प्रत्येक मुलाचं घर ते शाळा अंतर, वाटेतला ओढा, हायवे, एसटीची वेळ, सगळं वहीत लिहा. दुसरी, मागणी लेखी करा, पोच घ्या, शाळा व्यवस्थापन समितीच्या आणि ग्रामसभेच्या ठरावात आणा. पिअर्सन हद्दीच्या कागदावर हरले, आपण हरायचं नाही. तिसरी, एकट्याला पुढे करू नका. एकट्या पिअर्सनचं पीक शेतात अडवता आलं, पण अर्जावर गावाच्या सह्या आल्या तेव्हा मागणी बसवर थांबली नाही.

आपल्या मुलीसाठी बस मागणं ही विनंती नाही. कायद्याने मान्य केलेल्या शाळेपर्यंतची वाट आपण मागतोय. पुढच्या वेळी कोणी साहेब "परवडत नाही" म्हणाले, तर आजीचा प्रश्न विचारा आणि अंतराची वही टेबलावर ठेवा.

जय भीम!