लघुसंगणकाची डिस्क ड्राइव्ह : दोषशोधन

लघुसंगणकाच्या (मिनी कॉम्प्युटर) काढता-घालता येणाऱ्या कार्ट्रिजच्या (तबकडीच्या डब्याच्या) डिस्क ड्राइव्हमधील बिघाड ओळखून दूर करण्याची पद्धत.

भारतातील पार्श्वभूमी : अणुऊर्जा विभागाची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया (ईसीआयएल) ११ एप्रिल १९६७ रोजी हैदराबाद येथे स्थापन झाली; ए. एस. राव तिचे संस्थापक मानले जातात. भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झालेल्या १२-बिटी टीडीसी-१२ (१९६९) नंतर कंपनीने टीडीसी-३१२ व १६-बिटी टीडीसी-३१६ हे लघुसंगणक काढले. १९७८ च्या सरकारी धोरणाने खाजगी कंपन्यांना वाट मिळेपर्यंत देशी उत्पादनावर तिचेच वर्चस्व होते; ते उद्योगाला पोषक ठरले की मारक, याविषयी मतभेद आहेत. त्याच वर्षी आयबीएम भारतातून गेल्यावर त्या कंपनीच्या यंत्रांची देखभाल कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनकडे (स्थापना १९७५) आली.

रचना : लघुसंगणकाच्या डिस्क ड्राइव्हचा नमुना म्हणून डीईसी कंपनीची आरके-०५ घेता येते. १४ इंची एकच तबकडी, दोन हेड (वाचन-लेखन शीर्षे), २०३ सिलिंडर, मिनिटाला १,५०० फेरे, क्षमता सुमारे २५ लाख बाइट. हेड तबकडीला न टेकता हवेच्या पातळ थरावर तरंगते. त्यामुळे गाळणी, पंखा व खोलीतील धूळ यांची तपासणी इलेक्ट्रॉनिक्सइतकीच महत्त्वाची.

दोषशोधन : प्रथम विद्युतपुरवठ्याचे व्होल्टेज मोजतात. नंतर कार्ट्रिज न बसवता हेड, पट्टा व गाळणी पाहतात. जुन्या यंत्रांत फोमचा भुगा होऊन तो हवेच्या मार्गात शिरतो. वीज गेल्यास हेड मागे घेणारी निकेल-कॅडमियम बॅटरीही गळते. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसतात. हेडवर तपकिरी भुकटी दिसली किंवा फिरताना खरखर ऐकू आली, तर हेड तबकडीला घासले आहे असे समजून यंत्र तत्काळ थांबवतात. अशा वेळी ‘कार्ट्रिज खराब असेल’ म्हणून दुसरे घालून पाहणे सर्वांत घातक. बिघडलेले हेड चांगली तबकडी ओरखडते, ती तबकडी पुढच्या ड्राइव्हचे हेड बिघडवते आणि एका ड्राइव्हचा दोष सगळ्या खोलीत पसरतो.

ड्राइव्ह स्वतः लिहिलेले वाचते, पण दुसऱ्या ड्राइव्हवर लिहिलेले वाचत नाही, तर हेडची जुळणी (अलाइनमेंट) सरकलेली असण्याचा संभव अधिक. ती प्रमाण कार्ट्रिज व ऑसिलोस्कोप वापरून करतात. एकच पृष्ठ सर्व कार्ट्रिजवर चुकत असल्यास त्या बाजूचे हेड किंवा त्याचे परिपथ तपासतात. ‘रेडी’ दिवा लागतच नसेल, तर तबकडीने पुरता वेग घेतला का व हेड आत आले का, हे पाहतात.

सॉफ्टवेअर : निदान-प्रोग्रॅम संशयित डिस्कवरून न चालवता कागदी फितीवरून भरतात.