बारा इंजिनांचे विमान

२१ ऑक्टोबर १९२९ रोजी कॉन्स्टन्स सरोवराच्या पाण्यावरून एक विमान उडाले. त्यात १६९ माणसे होती : १५० प्रवासी, १० कर्मचारी आणि कोणाला न सांगता चढून बसलेले ९ जण! एवढी माणसे एका विमानातून तोवर कधीच उडाली नव्हती. विमानाचे नाव डो-एक्स, निर्माते क्लॉड डॉर्नियर. (आपल्या तटरक्षक दलाच्या विमानांमुळे हे आडनाव आपल्याला परिचित आहे.) पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाची बंधने टाळण्यासाठी या जर्मन विमानाची बांधणी सरोवराच्या स्विस काठावर झाली.

डो-एक्सला पांढरा हत्ती म्हणून मोडीत काढण्याची रीत आहे. आम्हाला ते पुरते पटत नाही.

विमानाची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली तर पंखांचे क्षेत्रफळ चौपट होते, वजन मात्र आठपट. (वर्गात लाकडी ठोकळे घेऊन हे सहज दाखवता येते.) म्हणजे पंखाच्या दर चौरस मीटरवर दुप्पट भार. तो पेलायला वेग हवा आणि वेगासाठी शक्ती. डो-एक्सचे वजन सुमारे ५० टन आणि हाती असलेले इंजिन सुमारे ५०० अश्वशक्तीचे. म्हणून पंखावर बारा इंजिने चढवली : सहा पुढे तोंड करून, सहा त्यांच्या पाठीला पाठ लावून. ती हवेने थंड होणारी होती. पुढच्यांना ताजा वारा मिळे, मागच्यांना पुढच्यांनी तापवलेली हवा. मागची इंजिने सारखी तापत आणि विमान सव्वाचारशे मीटरच्या वर जाईना. मग १९३० मध्ये पाण्याने थंड होणारी इंजिने बसवली.

३ नोव्हेंबर १९३० ला डो-एक्स न्यूयॉर्ककडे निघाले. लिस्बनला पंखाला आग लागली, कॅनरी बेटांवर सांगाडा दुखावला. अटलांटिकवर इंधनाच्या ओझ्याने ते लाटांना लागून उडत राहिले. पृष्ठभागाच्या इतक्या जवळ पंखांच्या टोकांशी होणारे भोवरे दबतात, हवेचा अवरोध घटतो आणि इंधन वाचते. न्यूयॉर्क आले २७ ऑगस्ट १९३१ ला. जहाजाने हा प्रवास आठवड्याभरात होई!

१९३९ मध्ये बोइंग ३१४ या जलविमानाने अटलांटिकपार नियमित प्रवासी वाहतूक सुरू केली. त्याची इंजिने चारच, प्रत्येकी सुमारे दीड हजार अश्वशक्तीची. बेरीज करून पाहा : डो-एक्सच्या पहिल्या बारा इंजिनांची एकूण शक्तीही जवळजवळ तेवढीच होती.