रणांगणावरील रक्तद्रव

युद्धाचा इतिहास आपण लहानपणापासून वाचतो, तो सेनापतींचा, तहांचा आणि जिंकलेल्या मुलुखांचा. जखमी होऊन पडलेल्या शिपायाचे पुढे काय झाले, हे त्या पानांत सहसा सापडत नाही. आज आम्ही श्रोत्यांचे लक्ष तिकडे वेधू इच्छितो.

रक्त साकळू न देता बाटलीत उभे ठेवले, तर तांबड्या पेशी तळाशी बसतात व वर पिवळसर द्रव उरतो. हाच प्लाझ्मा, म्हणजे रक्तद्रव. रक्त साकळवून जखमेचे तोंड बंद करणारी अनेक द्रव्ये यातच असतात. मात्र बाहेर काढलेला रक्तद्रव टिकवायचा कसा, हा खरा प्रश्न होता.

१९१७ साली फ्रान्समध्ये ब्रिटिश सैन्याबरोबर असलेल्या ऑस्वल्ड रॉबर्टसन या अमेरिकन डॉक्टराने सायट्रेट व ग्लुकोज घातलेले रक्त बर्फात जपून जखमींना दिले. साठवणीची ती सुरुवात होय. १९४० साली लंडनवर बाँब पडत असता न्यूयॉर्कमधून ब्रिटनला रक्तद्रव पाठविण्याची योजना निघाली. तिची सूत्रे डॉ. चार्ल्स ड्रू यांच्याकडे होती. ड्रू स्वतः कृष्णवर्णीय. पुढे त्यांच्याच देशात रेडक्रॉसने कृष्णवर्णीयांचे रक्त आधी नाकारले, मग १९५० पर्यंत वेगळे ठेवले. रक्तात असा भेद नसतो, हे ड्रू यांना ठाऊक होते, पण समाजाला ते पटायचे होते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने वाळवलेला रक्तद्रव वापरला. एका पात्रात कोरडी भुकटी, दुसऱ्यात शुद्ध पाणी. दोन्ही एकत्र केली की काही मिनिटांत औषध तयार. वाळवंट असो की जंगल, बर्फ लागत नसे. पण या सोयीची किंमत पुढे कळली. अनेक दात्यांचा द्रव एकत्र मिसळलेला असल्याने एकाची कावीळ अनेकांपर्यंत पोहोचे. १९५० ते १९५३ च्या कोरियन युद्धात हा धोका इतका उघड झाला की मिश्र रक्तद्रव मागे पडला.

त्यानंतर मार्ग निघाला तो गोठवण्याचा. एका दात्याचा द्रव एका पिशवीत, उणे १८ अंश सेल्सिअसला किंवा त्याहूनही थंड ठेवावयाचा. असा तो वर्षभर टिकतो. नेदरलंडच्या सैन्याने तर उणे ८० अंशांवर गोठवलेले रक्तघटक अफगाणिस्तानापर्यंत नेले. पण येथे नवी अडचण उभी राहिली. गोठलेली पिशवी कोमट पाण्यात वितळायला अर्धा तास लागू शकतो आणि घाईने तापवावी तर आतील प्रथिने बिघडतात. मांडीची मोठी धमनी तुटलेला शिपाई तर काही मिनिटांतच दगावू शकतो. तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखेच हे झाले!

म्हणून पिशव्या आधीच वितळवून शीतपेटीत १ ते ६ अंशांवर तयार ठेवण्याची रीत पडली. अमेरिकन नियमांत अशी पिशवी पाच दिवसांपर्यंत चालते. या काळात पाचवा व आठवा हे साकळवणारे घटक दिवसेंदिवस घटतात, फायब्रिनोजेन मात्र बरेचसे टिकते. पूर्ण सकस पण उशिरा येणारा द्रव बरा, की थोडा उणा पण हाताशी असलेला? डॉक्टरांपुढे प्रश्न होता तो हा.

२००७ साली बगदादच्या लष्करी इस्पितळातील २४६ जखमींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तांबड्या पेशींच्या मानाने अगदी थोडा रक्तद्रव मिळालेल्यांत शेकडा ६५ दगावले, भरपूर मिळालेल्यांत शेकडा १९. आकडे डोळे दिपवणारे खरे. पण पिशवी वितळेपर्यंत जे वाचलेच नाहीत, ते आपोआप पहिल्या गटात गेले, हे विसरून चालणार नाही. २०१८ साली अमेरिकेत वितळवलेला रक्तद्रव हेलिकॉप्टरमध्येच ठेवून ५०१ नागरी जखमींवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ३० दिवसांतील मृत्यू शेकडा ३३ वरून सुमारे २३ वर आले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या डेन्व्हर शहरातील चाचणीत मात्र लाभ दिसला नाही. तेथे इस्पितळ जवळच होते. यावरून आम्हांस असे वाटते, की रक्तद्रवाचे मोल तो किती लवकर पोहोचतो, यावर बरेचसे ठरते.

या तयारीलाही किंमत आहेच. वितळलेली पिशवी पुन्हा साठवणीसाठी गोठवता येत नाही. जखमी आला नाही, तर ती टाकावी लागते. शिवाय गट न तपासता कोणालाही चालणारा एबी गटाचा रक्तद्रव देणारे दाते थोडेच. कोणा नागरिकाने दिलेले दान असे वाया गेलेले पाहून मन हळहळते. तथापि ती पिशवी खरोखर वाया गेली, असे आम्ही म्हणणार नाही. पाच दिवस ती कोणाची तरी वाट पाहत तयार राहिली. त्या पाच दिवसांत कोणाला तिची गरज पडली नाही, हे सुदैवच म्हणावयाचे.